सेतुरावांच्या गुडघ्यातला चंद्र

सेतुराव माझ्याशी जो पहिला शब्द बोलले तो मराठी नव्हता, तमिळ नव्हता, इंग्रजीसुद्धा नव्हता.

कुंभकोणमला येऊन आम्हाला आठवडाही झाला नव्हता. माझ्या नवऱ्याची विमा कंपनीतली नोकरी, बदली होईल तिकडे बिऱ्हाड. बारा वर्षांनी भरणारा महामखमचा मोठा मेळा होऊन वर्ष लोटलं होतं, तरी गावातल्या बायका त्याच्याच गोष्टी सांगत होत्या, आणि मला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मेलकावेरी भागात घर मिळालं, सामान अजून पोत्यांतच होतं. सकाळी दारापुढे सडा घालायला बाहेर आले तर समोरच्या ओट्यावर एक उंच, किडकिडीत गृहस्थ पितळी पेल्यातली कॉफी वाटीत आणि वाटीतली पेल्यात ओतत उभे. माझ्याकडे नजर गेली आणि हात अधांतरी थांबला. माझ्या कपाळाकडे बोट दाखवून ते मोठ्या आनंदाने ओरडले, "मेनिस्कोस!"

मी साताऱ्याची. परक्या पुरुषाने भल्या सकाळी कपाळाकडे बोट दाखवून काहीतरी ओरडावं आणि मी खाली मान घालून आत जावं, हे होणं नाही. तांब्या ठेवला, पदर खोचला आणि खडसावून विचारलं, "काय म्हणालात?" रागाच्या भरात मराठीच तोंडातून गेलं. आणि समोरून उत्तरही मराठीत आलं!

"अवो अम्मा, रागें भरूं नका. कपाळीं चंद्रकोर लाविलीत नव्हे, तीच म्हटलों. ग्रीक भाषेंत इवल्या चंद्रास मेनिस्कोस म्हणून नांव. येथें अस्क्या बायका वाटोळें कुंकूं लावितात. चंद्रकोर पाहून मज भारी संतोष जाहला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. अस्क्या म्हणजे सगळ्या, हे कळायला दोन दिवस लागले, पण बाकीचं सगळं कळलं. माझ्या पणजीने उठून बोलावं तसं ते मराठी. "तुम्ही इकडचे कसे?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "मराठ्यांच्या राज्यांत आमचे वाडवडील तंजावरास आले. परत जावों म्हणत होते. राहूनच गेलें." दोन-अडीचशे वर्षं राहून गेलं होतं, पण सांगण्याची तऱ्हा अशी की जणू गेल्या मंगळवारची झटकागाडी चुकली.

सेतुराव नदीकाठच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवीत. पंचेचाळिशी उलटलेली, काळा लांब कोट, पांढरं धोतर, कपाळी गंध, आणि खिशात खडू. गावात त्यांना सगळे वाद्यार, म्हणजे मास्तर म्हणत. मी मात्र सेतुरावच म्हणायची, कारण त्या गावात 'राव' म्हणायला मिळणं हेच मला माहेरचं सुख होतं.

त्या ग्रीक चंद्राचं त्यांना अक्षरशः वेड होतं. काचेच्या नळीत पाणी भरलं की वरचा पृष्ठभाग सपाट राहत नाही, कडांना चढतो, मध्ये खोलगट होतो, त्या कोरीला मेनिस्कस म्हणतात. इंटर सायन्सपर्यंत मीही शिकलेली, एवढं मला ठाऊक होतं. पण सेतुरावांचं तेवढ्यावर कुठलं भागायला! चष्म्याची काच एकीकडून फुगीर, एकीकडून खोलगट, तीही मेनिस्कस. भूमितीत दोन वर्तुळांच्या कंसांमध्ये जी कोर उरते तिला ग्रीक पंडित हेच नाव देत. एका आजारात रक्तातल्या गोल पेशी कोरीसारख्या वाकड्या होतात, त्यांनाही डॉक्टरांच्या जुन्या पुस्तकांत याच चंद्राचं नाव. ही सगळी नावं ते अशी सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, घरातल्या सुनांची माहेरं सांगताहेत.

लॅटिनशी मात्र त्यांचं हाडवैर. त्यांचे मित्र डॉक्टर नटेशन रोज संध्याकाळी ओट्यावर पान खायला येत. ते मुद्दाम खोडी काढीत. चुना लावता लावता म्हणत, "वाद्यार, नखाच्या मुळाशी पांढरी कोर असते, तीही घ्या तुमच्या यादीत."

"नक्को! तिचें नांव लॅटिन!"

"बरं, हृदयाच्या झडपा घ्या. अर्धचंद्राकार असतात."

"त्याही लॅटिन! अवो, आमच्या घरांत परक्यांस कां घुसवितां?"

आणि दोघंही पान तोंडात धरून हसत, शेवटी पिंक टाकायला धावत.

कॉलेजात त्यांचा एकच मंत्र होता. "आधीं वांक, मग वाच." नळीतल्या द्रवाची पातळी वाचायची तर डोळा त्या कोरीच्या बरोबरीने हवा. पोरं आळशी, उभ्या उभ्या वरून बघून आकडा लिहीत, किंवा नळीच उचलून डोळ्यापाशी आणीत. सेतुरावांना ते मुळीच खपत नसे. "चंद्र तुझ्यापाशीं येणार काय रे? तूं त्याजपाशीं जा." मग गुडघे वाकवून, कंबर ताठ ठेवून, अर्धवट बसल्यासारखे ते पोराच्या शेजारी उभे राहत आणि त्यालाही तसंच उभं करीत. एक पोरगा झाला की दुसरा. सगळा वर्ग होईतो त्यांचं हे चाले. स्टूल दिलेलं होतं, त्यावर ते कोट ठेवीत.

गुडघ्यांना दुसरं काम एकादशीला. आमच्या गल्लीच्या टोकाला भजनमठ होता, आत विठ्ठल-रखुमाई. दिवेलागणीला मध्ये नाचियारकोविलची उंच पितळी समई ठेवीत आणि पुरुषमंडळी तिच्याभोवती फेर धरून नाचत. आधी अभंग, मग तेलुगू कीर्तन, मग तमिळ, मध्येच संस्कृत. देवाला सगळ्या भाषा येतात अशी त्या लोकांची खात्री होती. चार पावलं पुढे, एक मागे, मग गुडघ्यात वाकून समईला हात जोडायचे, आणि गिरकी घेऊन पुन्हा फेर. सेतुराव सगळ्यांच्या पुढे. एरवी शिडशिडीत काठीसारखा माणूस, पण टाळ वाजले की अंगात लवचिकपणा कुठून यायचा कोण जाणे. मी बायकांत बसून बघत राहायची. खोटं कशाला सांगू, मला देवापेक्षा त्यांचंच नाचणं बघायला आवडायचं.

गाणं मात्र त्यांना देवाने दिलं नव्हतं. बेसूर म्हणजे किती बेसूर! मंडळींनी हात जोडून सांगून ठेवलं होतं, वाद्यार, तुम्ही ओठ हलवा, आवाज काढू नका. तेही ऐकत. एकदा मला म्हणाले, "सूर नाहीं, पाठांतर कच्चें. देवास द्यावया मजपाशीं काय? दोन पायच कीं." हसत म्हणाले, पण ते खरं होतं.

आणि एका एकादशीला त्या पायांनीच दगा दिला.

फेर रंगात आला होता. सेतुराव समईसमोर वाकले, गिरकी घ्यायला उठू गेले आणि मध्येच थांबले. डावा पाय गुडघ्यात वाकलेला, टाच उचललेली, हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. गालांवरून घळाघळा पाणी. मागची मंडळी थबकली. टाळ क्षणभर अडखळले आणि मग कुणीतरी ओरडलं, "विठ्ठला! पांडुरंगा!" झालं! वाद्यारांच्या अंगी देव आला! टाळ दुप्पट जोरात सुरू झाले. मृदंगवाल्याला तर चेवच आला. बायका उठून पाया पडायला धावल्या, एकीने देवासाठी आणलेला फुलांचा हार त्यांच्या गळ्यात घातला, एका आजीने आपली नातच त्यांच्या पायाशी लोळवली. सेतुराव काहीतरी बोलत होते, पण त्या गजरात ऐकतो कोण! मी पुढे होते म्हणून मला ओठ दिसले. ते म्हणत होते, "गुडघा! अवो, गुडघा!"

मी डॉक्टर नटेशनना ओढत आणलं. त्यांनी लोकांना बाजूला सारलं, सेतुरावांना खाली बसवलं, पाय जरा वळवला, जरा हलवला, आणि खट् असा आवाज होऊन पाय सरळ झाला. लोकांना वाटलं, डॉक्टरांनी देव उतरवला. डॉक्टरांवर सगळे नाराज झाले.

दुसऱ्या दिवसापासून सेतुरावांच्या घरी रीघ लागली. कुणी पानसुपारी घेऊन, कुणी नारळ घेऊन. सेतुराव ओट्यावर पाय लांब करून बसलेले, येणाऱ्या प्रत्येकाला सांगताहेत, "देव नव्हे, दुखणें." लोक म्हणत, "पाहा, केवढा विनय!" आणि आणखी वाकून नमस्कार करीत. असा संतापलेला संत मी दुसरा पाहिला नाही.

पाय मात्र बरा होईना. चालता चालता मध्येच अडके, सुजे. त्यांच्या बायकोने, रुक्माअक्कांनी, सगळे उपाय सुरू केले. हाडवैद्याचा लेप झाला, पट्टी झाली. मग एक दिवस त्या बसने तिरुक्करुगावूरला जाऊन आल्या. तिथली देवी गर्भाचं रक्षण करते, तिचं एरंडेल बाळंतिणीच्या पोटाला लावलं की सुखरूप सुटका होते, अशी सगळ्या मुलखाची श्रद्धा. अक्कांनी ते तेल आणलं आणि नवऱ्याचा गुडघा चोळायला बसल्या. मी नेमकी तिथे होते.

"अगे, हें बाळंतिणीचें तेल!" सेतुराव पाय ओढून घेत ओरडले.

"मज ठाऊक आहे. उगे बैसा. अडलेल्यास सोडविते ती देवी. बायको असो, गुडघा असो."

"मज काय जाहलें आहे म्हणून समजतेस?"

"काय होईल तें होवों. सुखरूप होवों." असं म्हणून अक्कांनी तेलाचा हात फिरवला तो फिरवलाच. मी पदर तोंडात कोंबून घरी पळाले आणि पोट दुखेपर्यंत हसले.

शेवटी डॉक्टर नटेशननी मद्रासला नेऊन तिथल्या मोठ्या सर्जनला गुडघा दाखवला. परत आल्यावर झटकागाडीतून उतरता उतरताच सेतुराव मला हाक मारू लागले. मला वाटलं, बरी बातमी. काठी टेकत आले, चेहरा नुसता फुललेला. "सातारच्या अम्मा! मजमध्येंही आहे तो! गुडघ्यांत दोन हाडांमध्यें कूर्चेच्या दोन कोरी असतात, त्यांचें नांव मेनिस्कस! एवढीं वर्षें मी नळ्यांत शोधीत होतों, आणि तो माझ्याच पायांत बैसला होता! आतली कोर चिरली आहे. ती चिरफळी मध्यें येऊन अडकते, म्हणून पाय अडकतो. वाकून वाकून जाहलें असें म्हणतात."

दुखण्याचं नाव ऐकून एवढा हरखलेला रोगी त्या सर्जननेही पाहिला नसेल.

आनंद ओसरल्यावर ते ओट्याच्या कडेवर बसले आणि मग बाकीचं सांगितलं. कोर तशीच ठेवली तर पाय कधीही अडकेल, नाचणं कायमचं बंद. कापून काढली तर बरं वाटेल. पण गुडघा ताठ राहण्याचीही भीती. सर्जनने वचन दिलं नव्हतं. "चालाल," एवढंच म्हणाले होते. "मी पुसलों, नाचेन काय? तर ते हंसले." सेतुराव हे सांगताना हसले नाहीत. "अम्मा, मज भय वाटतें. काढून पाय ताठ जाहला तर देवापुढें जावों तरी काय घेऊन?"

रुक्माअक्का दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घरीं बैसून भय वाटणार, मद्रासेंतही भय वाटणार. तिकडेच वाटों." आणि पेटी भरायला आत गेल्या.

ऑपरेशन झालं. डॉक्टर नटेशन सोबत होते, त्यांनी येऊन हकीकत सांगितली. टेबलावर आडवे पडल्यावर सेतुरावांनी सर्जनला विचारलं, या ऑपरेशनला काय म्हणतात? "मेनिसेक्टोमी," सर्जन म्हणाले. "आणि शेवटचा तुकडाही ग्रीकच! कापून काढणें!" एवढं समाधानाने पुटपुटून मग त्यांनी भुलीचं औषध हुंगलं. शुद्धीवर आल्यावर पहिलं मागणं, "माझी कोर मज द्या."

आणि दिलीही त्यांनी! सेतुराव घरी आले ते काखेत कुबड्या आणि अक्कांच्या पिशवीत औषधी पाण्याची बाटली घेऊन. बाटलीत पांढुरकी, फाटकी, इवलीशी कोर. पण अक्कांनी ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. देहाचा भाग देहावेगळा झाला म्हणजे त्याचं काहीतरी करायला हवं, असं अक्कांचं म्हणणं. बाटली तुळशीपाशी ठेवली आणि उपाध्यायांना बोलावणं गेलं. अक्कांनी त्यांना विचारलं, मेलेल्याचं सूतक असतं, मग कूर्चेचं असतं का? नवरा जिवंत, त्याचा एवढासा तुकडा गेलेला, तर मी किती दिवस धरू? उपाध्यायांनी बिचाऱ्यांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. मग म्हणाले, "स्नान पुरे." "कोणीं करावयाचें?" "ज्याचा गुडघा त्यानें." अक्कांनी सेतुरावांना तिथेच अंगणात पाटावर बसवून, पट्टीवर केळीचं पान गुंडाळून, डोक्यावरून घागर ओतली. बाटली कॉलेजात गेली, प्रयोगशाळेच्या कपाटात. पोरं सांगत, वाद्यार ती दाखवून म्हणतात, "ही पाहा. हिनें मज वांकविलें."

मग सुरू झाली कसरत. पायाला वजन बांधून गुडघा उचलायचा, असा सर्जनचा हुकूम. वजन कुठून आणायचं? अक्कांनी वरवंटा जुन्या लुगड्यात गुंडाळून दिला. रोज सकाळी ओट्यावर बसून सेतुराव वरवंटा बांधलेला पाय वर करीत, खाली करीत, आणि आत अक्का चटणी वाटायची खोळंबलेली म्हणून ओरडत. "जाहलें काय? अडसर होतो स्वयंपाकास!" "दहा राहिलीं!" ती दहा कधी संपतच नसत. पहिल्यांदा पाय वीतभरही उचलेना. घामाने गंध ओघळे, ओठ दाताखाली धरलेला असे, आणि मी सडा घालताना पाहते आहे असं दिसलं की लगेच चेहरा सरळ करून म्हणत, "अस्कं बरें आहे, अम्मा." काही अस्कं बरं नव्हतं. पण पाय रोज बोटभर वर जात होता, हेही खरं.

ते घरी होते तेवढे महिने एकादशीचा फेर निघायचा, पण बिचकत. पुढे कोणी व्हायचं यावरून ढकलाढकली. सेतुराव मठात येत, भिंतीशी खुर्चीवर बसत. टाळ वाजले की धोतराखाली त्यांची टाच हले, आणि ते ती हाताने दाबून धरीत. ते मला बघवत नसे.

मग आमची बदली आली. नागपूर. निघायच्या आधी एकच एकादशी उरली होती. संध्याकाळी मठ भरला. समई लागली, अभंग सुरू झाला. सेतुराव नेहमीप्रमाणे भिंतीशी. दोन फेर झाले, आणि तिसऱ्याला ते उठले. काठी खुर्चीला टेकवली. रुक्माअक्का माझ्या शेजारी होत्या, त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी रुतली.

ते फेरात शिरले. आधी नुसते चालले. चार पावलं पुढे, एक मागे. मग समईसमोर आले. सेतुरावांनी हात जोडले आणि वाकले. फार नाही, पूर्वीच्या निम्म्यानेही नाही. पण वाकले. आणि उठले. गिरकी जरा लंगडी झाली, पण झाली. अक्कांनी मनगट सोडलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

लोक मात्र वेगळ्याच आशेने बसले होते. बायकांनी हार तयार ठेवले होते, आजी नातीला घेऊन सरसावली होती. वाद्यार आता थांबणार, एक पाय उचलून उभे राहणार, देव येणार! सेतुराव फेर घेत राहिले. वाकले, उठले, पुढे गेले. पुन्हा वाकले, उठले, पुढे गेले. थांबतील तर शपथ! टाळकऱ्यांना धाप लागली आणि अभंग संपला. हार हातातच राहिले.

आजी हिरमुसली. मोठ्याने म्हणाली, "आज देव आला नाहीं."

सेतुराव धापा टाकीत तिच्यासमोर उभे राहिले. घामाने डबडबलेले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू. म्हणाले, "आला नाहीं कसा, अम्मा? मागें आला तो अडकून पडला होता. आज नाचतो आहे!"

आणि मृदंगवाल्याला हाताने खूण करून, दुसऱ्या अभंगाची वाट न बघता, ते पुन्हा फेरात गेले.